तिसऱ्या रकान्यातलं गाव

आमच्या घरात सकाळ झाली हे बांगड्यांच्या आवाजानं कळायचं. धामणगाव बढ्याच्या बाजारगल्लीत दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी, एवढंच आमचं घर. त्या पडवीत दादा अंधुक उजेडात सायकलच्या मागच्या पेटीत माल भरत असायचे. काचेवर काच लागते तेव्हा होणारा आवाज घाईचा नसतो. लडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो सावकाश जातो आणि मध्येच थांबतो. मी गोधडीत पडून तो ऐकायची आणि पुन्हा झोपेत शिरायची. आतून चुलीचा धूर यायचा, कळण्याची भाकर थापल्याचा आवाज यायचा, मायच्या हातातल्या बांगड्या परातीच्या काठाला लागायच्या, आणि झोप कुठे संपली नि जाग कुठे सुरू झाली हे मला कधीच सांगता आलं नाही. अजूनही येत नाही. पुण्यातल्या या चौथ्या मजल्यावर दुपारी डोळा लागलेला असताना शेजारणीनं काचेचे ग्लास विसळले, की मी क्षणभर धामणगावात असते. मग लिफ्टचा आवाज येतो आणि गुडघे आपली आठवण करून देतात.

दादा, म्हणजे माझे वडील, वर्षभर खेडोपाडी फिरून बायकांना बांगड्या भरत. माय घर सांभाळायची, पण देवीची जत्रा मात्र तिची असायची. जत्रेहून माल परत आला की टोपल्यांमध्ये सगळं कालवलेलं असे. हिरव्यात लाल, लहानात मोठं, साध्यात नक्षीचं. तो निवडायचं काम माझं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं, रंजनाचं. आम्ही पडवीत पोतं अंथरून बसायचो आणि माय आतून एकच गोष्ट दरवर्षी नव्यानं सांगायची, "आधी माप, मंग रंग, मंग नक्षी. आधी रंग लावसान तर सारं पुन्हा निवडा लागते." मी एकदा विचारलं, आधी रंग का नाही. ती भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून बाहेर आली आणि म्हणाली, "हात काही बदलत नाही वं नंदे. रंग तर बाई समोर बसल्यावर ठरवते." प्रत्येक लडीच्या दोऱ्याला मापाची चिठ्ठी बांधलेली असायची. ज्या लडीची चिठ्ठी गळून पडलेली असे, तिचं माप काढत बसायला तेव्हा कोणाला वेळ नसे. ती सरळ शेवटच्या टोपलीत जायची. त्या टोपलीत कित्येकदा अगदी चांगला माल पडून राही.

त्या पडवीतल्या दुपारी मला फार लांब वाटतात. रंजना बांगडीतून उन्हाकडे बघायची आणि तिच्या गालावर हिरवा डाग पडायचा. जेवायला भाकर, भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्यावर कच्च्या तेलाची धार आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. दादा जेवताना बोलत नसत, पण रंजनाच्या ताटात कांदा फोडून तेच टाकत. माझ्या ताटात नाही. मला त्याचा रागही येत नसे, कारण ती दादांची होती आणि मी मायची, हे घरात वारा-पाण्यासारखं ठरून गेलेलं होतं.

मग रंजना गेली. गावात बोअरची गाडी आली होती, तिच्यावर संग्रामपूरचा एक मुलगा कामाला होता. आठवडाभर आमच्या गल्लीच्या टोकाला ते यंत्र धडधडत होतं, पाणी लागलं आणि गाडी गेली. काही महिन्यांनी रंजनाही गेली. मुलगा दुसऱ्या जातीचा, पण कष्टाळू होता. लग्न सरकारी कचेरीत झालं. दादांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी तिचं नाव घेणं सोडलं, इतकंच, आणि ते त्यांनी इतक्या कसोशीनं केलं की घरात तिच्या नावाच्या जागी एक खळगा पडला आणि आम्ही तो वळसा घालून चालू लागलो. तिनं उंबरा ओलांडायचा नाही, हे कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

राहता राहिली जत्रा. आमच्या धंद्यात एक रीत आहे. समोर आलेला हात बांगडीवाल्यानं परत पाठवू नये, मग तो कोणाचाही असो. देवीच्या पायऱ्यांजवळ एक चिंच होती आणि तिच्याखाली मायचं पाल दरवर्षी एकाच जागी लागायचं. दूर दिलेल्या लेकी जत्रेला आल्या की देवीच्याही आधी तिथे येत, जागा न विचारता, डोळे मिटून आल्यासारख्या. रंजनाही तशीच आली. संग्रामपूरच्या माणसांबरोबर ट्रॅक्टरमधून यायची, त्यांचे नैवेद्याचे रोडगे गोवऱ्यांवर भाजून होईपर्यंत तिला मोकळीक असे. ती मायसमोर बसून हात पुढे करी. ती लांबून दिसली की दादा चहाला म्हणून उठत आणि ती जाईपर्यंत परतत नसत. माय तिची बोटं दाबत, एकेक बांगडी वर चढवत हळूहळू बोलायची. एक डझन बांगड्या भरायला जेवढा वेळ लागतो, तेवढंच तिचं माहेर होतं. शेवटी माय रीतीप्रमाणे डझनाच्या वरची एक बांगडी, बिनपैशाची, चढवायची आणि ती चढवायला सगळ्यात जास्त वेळ लावायची.

याच दिवसांत मी मोताळ्याला कंप्युटरच्या क्लासला जाऊ लागले होते. काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून बसायचं, उतरायचं, आणि एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर चढायचं. खाली ज्वारी दळली जायची, त्यामुळे वरच्या यंत्रांवर कायम पिठाची साय असे. प्रमोद सर नावाचे एक तरुण मास्तर होते. पुण्यात शिकून आलेले, सदरा कायम बाहेर, आणि शिकवताना स्वतःच इतके रंगून जायचे की तास संपल्याचं आम्हाला सांगावं लागे. त्यांच्या त्या यंत्राला चित्रं नव्हती, माऊस नव्हता. काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ. आपण एक ओळ लिहायची आणि ते ती पाळायचं. मुलं कंटाळायची. मला ते विहिरीत वाकून बघितल्यासारखं वाटे.

एक दिवस सरांनी ओळी लावायला शिकवलं. फाईलमधल्या प्रत्येक ओळीत शब्दांचे रकाने असतात. पहिल्या रकान्यानं लाव, आणि जिथे पहिला सारखा असेल तिथे दुसऱ्यानं लाव, असं यंत्राला सांगता येतं. वर्गात कोणालाच काही कळेना. मी म्हटलं, "सर, हे तर आधी माप, मग रंग आहे." सर थांबले, त्यांना ते काय आहे हे समजावून घ्यायचं होतं, आणि उरलेला तास मी बांगड्यांबद्दल बोलत बसले. त्यांनी मला मापांची फाईल करायला लावली. यंत्रानं दोन-दहाचं माप दोन-चारच्या आधी लावून टाकलं. सर हसले, म्हणाले, "त्याला ते आकडे वाटत नाहीत, अक्षरं वाटतात. हे आकडे आहेत असं सांगावं लागतं." मी मापाचे दोन आकडे दोन रकान्यांत वेगळे केले, तसं सांगितलं, आणि मापं शहाण्यासारखी रांगेत बसली. त्या रात्री झोपेत मी काळ्या पडद्यावर बांगड्या ओवत होते.

त्या वर्षी जत्रेच्या जागा वाटायचा प्रश्न आला. इतकी वर्षं ते काम पंचांपैकी नामदेवअण्णा करायचे. हातात चुन्याची टोपली घेऊन ते मैदानात फिरत आणि कोणाचं पाल कुठे हे त्यांना पाठ असे. मालाप्रमाणे रांगा असायच्या, आणि रांगेत जो जुना तो पायऱ्यांजवळ. अण्णा वारले आणि ते पाठांतर त्यांच्याबरोबर गेलं. उरलेल्या पंचांनी प्रत्येकाला विचारून माहिती गोळा केली आणि ती प्रमोद सरांकडे आणली. आता भांडणं नकोत, कंप्युटर काय काढेल ते सगळ्यांना मान्य. सरांनी ती टाइप करायला मला बसवलं. आधी माल, मग गाव, मग किती वर्षं येतो ते, मग नाव. मग सरांनी ही ओळ लिहिली:

sort -k1,1 -k3,3nr

पहिल्या रकान्याप्रमाणे माल एकत्र, मग तिसऱ्यातली वर्षं आकड्यानं, मोठी आधी. छपाईचं यंत्र करकरत कागद ओकू लागलं, पंचांनी तो हातातल्या हातात फाडून घेतला आणि पिठाच्या पायऱ्या उतरून निघून गेले. आम्ही कोणी तो वाचला नाही.

जत्रा भरायच्या आदल्या दिवशी आम्ही पोचलो. तुरी काढून झाल्या होत्या, हरभऱ्याच्या शेतांवरून आंबट वास येत होता आणि नदीवर धुकं अजून उठलं नव्हतं. दादा सवयीनं चिंचेकडे गेले. तिथे देऊळघाटचा एक तरुण बांगडीवाला खुंट्या ठोकून बसला होता, शेजारी त्याची बायको तान्ह्याला पाजत होती. तीन वर्षंच झाली होती त्याला या जत्रेत. दादांनी सरळ पंचांचा माणूस गाठला. त्यानं कागदावर बोट फिरवत फिरवत ते अगदी खाली नेलं. बांगड्यांच्या रांगेत आमचं पाल सगळ्यात शेवटी होतं, बैलबाजाराला लागून, जिथे शेणाचा चिखल असतो आणि बायका लुगडी उचलून लगबगीनं पुढे जातात.

"काऊन?" दादांनी विचारलं.

"आता ते कंप्युटरनं काढलं, भाऊ. माह्या हातात काय हाये?"

दादांनी सामान उचललं आणि बैलबाजाराकडे नेलं. पाल ठोकताना ते एकदाही थांबले नाहीत. मग मायला म्हणाले, "समजलं ना आता? पोरीनं नाक कापलं, म्हणून पंचानं मागं टाकलं. तोंडावर कोण सांगते?" माय टोपल्या उतरवू लागली. दादा दोरी आवळत म्हणाले, "उद्या ते आली तरी हात भराचा नाही. रीत गेली चुलीत. या जत्रेतही तिचा संबंध नाही आता."

मायनं माझ्याकडे बघितलं. मी तिला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. जत्रेत फोन कुठला, आणि आमच्या गल्लीत होता तो एकच, तोही दादांच्या ओळखीच्या दुकानात, रंजनाला निरोप कसा पाठवणार. ती येणार, चिंचेखाली परक्या माणसाला बघणार, शोधत फिरणार, आणि सापडलोच तर दादा तिचा हात परत पाठवणार. मला रडू येत होतं आणि मी ते बैलांच्या दिशेला तोंड करून आवरलं.

तेवढ्यात खेळण्यांच्या रांगेतून रशीद चाचा आले. आमच्याच गल्लीतले, शिट्ट्या आणि भिरभिऱ्या विकणारे, दादांचे जुने दोस्त. त्यांचंही पाल त्यांच्या रांगेच्या टोकाला, चिखलात. दादांनी त्यांनाही तेच सांगितलं, पोरीच्या पायी मान गेला. चाचांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुह्यी गोष्ट खरी मानू, पण माह्या घरी तर लेकच नाही. मले काऊन मागं टाकलं बे? आन् तो पिंपळगाव देवीचा पाळण्यावाला, त्याले तर बायकोबी नाही."

दादा म्हणाले, "तुम्ही दोस्त ना माहे, म्हणून." चाचा हसले. पण मी हसले नाही. धामणगाव बढे, पिंपळगाव देवी. मी ती दोन नावं घोकत राहिले, आणि माझी बोटं मांडीवर आपोआप टाइप करू लागली. धामणगाव लिहून झालं की अंगठा मोकळ्या जागेची पट्टी दाबतो. मग बढे.

सकाळी दादा उठायच्या आत मी पहिली जीप पकडली. गिरणी नुकतीच सुरू होत होती. सर दार उघडत होते, मी त्यांना बाजूला सारूनच आत गेले असेन. फाईल उघडली आणि बोटानं मोजत गेले. पहिला रकाना बांगड्या, दुसरा धामणगाव, तिसरा बढे. आमची वर्षं चौथ्या रकान्यात सरकली होती. यंत्राला रकाने कळतात ते मधल्या मोकळ्या जागेवरून, आणि आमच्या गावाच्या नावातच मोकळी जागा. देऊळघाट एका शब्दाचं, संग्रामपूर एका शब्दाचं. आमचं दोन शब्दांचं. सर माझ्या खांद्यावरून बघत होते. ते हळूच म्हणाले, "त्याला तिथे आकडा हवा होता. 'बढे'ची किंमत त्यानं शून्य धरली." शून्य वर्षं. म्हणजे काल-परवा पहिल्यांदा आलेल्याच्याही मागे.

सरांचा चेहरा उतरला होता. मला मात्र इतकं हलकं वाटत होतं की मी त्या पिठाच्या धुरळ्यात हसत सुटले. आम्ही दोघांनी रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम घातले, गावाच्या नावातली जागा तशीच राहू दिली, आणि मी स्वतः ओळ लिहिली:

sort -t, -k1,1 -k3,3nr

धामणगाव बढे वर आलं. बांगड्यांमध्ये सगळ्यात वर. आयुष्यभर पुढे मी याच कामावर पोट भरलं, मोठमोठ्या कचेऱ्यांच्या लाखो ओळी लावल्या, आणि नवीन मुलांना पहिली गोष्ट हीच सांगितली, की रकाना कुठे संपतो हे आधी यंत्राला सांगा. ती मुलं माझं बोलणं ऐकून आपसात हसायची, बाई गावंढळ बोलते म्हणून. हसू द्यावं.

नवा कागद छापून घेऊन जत्रेत परतले तेव्हा ऊन चढलं होतं, पाळणे फिरू लागले होते, आणि शेवच्या कढईचा वास सगळीकडे पसरला होता. दादा पालाच्या खांबाला टेकून बसले होते, गिऱ्हाईक नव्हतं. मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. तेव्हा मी शेवटची टोपली ओढली, चिठ्ठी नसलेल्या लडींची, आणि त्यातली एक त्यांच्या हातात दिली.

"दादा, ही इथं काऊन टाकली?"

"चिठ्ठी नाही तिले."

"माल खराब हाये?"

"माल कायले खराब राहीन? माप दिसत नाही, म्हणून मागं."

"तसंच झालं. आपल्या गावाचं नाव दोन शब्दांचं, त्याच्यानं आपली वर्षं बाजूले सरकली. कंप्युटरले माप दिसलं नाही. चाचाचं तेच, पाळण्यावाल्याचं तेच."

ते बराच वेळ ती लड हातात फिरवत राहिले. बैलबाजारात कोणीतरी किंमत ओरडत होता. मग त्यांनी खाली बघूनच विचारलं, "म्हंजे रंजीचं काही नाही याच्यात?"

इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून ते नाव आलं. मी म्हटलं, "काहीच नाही."

पंचांनी कागद बघितला, मान हलवली, चूक झाली म्हणाले. देऊळघाटचा मुलगा भला होता, तो खुंट्या उपटायला निघाला. पण मायनं त्याच्या बायकोच्या मांडीवर झोपलेलं लेकरू बघितलं आणि त्याला थांबवलं. "राहू द्या हो. ठोकलेलं पाल उपटू नका. पुढच्या सालाले पाहू." मग ती दादांकडे वळली. तिचा आवाज साधाच होता, मीठ संपलं हे सांगावं तसा. "आपल्या बाया तथी चिंचेखाली शोधतीन. तुम्ही तथी उभे राहा. येतीन त्याइले इकडं धाडा."

दादांना कळलं होतं की चिंचेखाली कोण कोण येणार आहे. मायला ते कळलंय हेही त्यांना कळलं होतं. ते उठले. ओळखीची खूण म्हणून हिरव्या बांगड्यांची एक लड मनगटावर घेतली आणि गर्दीत गेले.

दुपारभर बायका येत राहिल्या. कोणी म्हणे, भाऊनं पाठवलं, कोणी म्हणे, केवढ्या लांब आलात बाई यंदा. माय हात भरत होती, हसत होती, आणि प्रत्येक बाई उठली की रांगेच्या त्या टोकाकडे बघत होती. संग्रामपूरचे ट्रॅक्टर लागल्याचं रशीद चाचा सांगून गेले. रोडग्यांचा धूर नदीवर पसरला. मी लडी उगाच पुन्हा पुन्हा लावत होते, आधी माप, मग रंग, आणि हाताला घाम असल्यानं त्या निसटत होत्या. ऊन पिवळं झालं. पिपाण्या, पाळण्याची करकर, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, सगळं एकमेकांत मिसळून लांबून आल्यासारखं ऐकू यायला लागलं, आणि मला वाटलं की ते दोघं आता येत नाहीत. तिला बघून ते चहाला गेले असणार.

मग गर्दी मध्येच फाकली. आधी दादांचा हात दिसला, हिरवी लड अडकवलेला, लोकांना बाजूला सारणारा. त्यांच्या मागे रंजना होती, डोक्यावरून पदर, त्यांच्या सदऱ्याचं टोक चिमटीत धरलेलं, लहानपणी बाजारात धरायची तसं. सगळा बाजार ओलांडून ते तिला घेऊन येत होते, मिठाईच्या, खेळण्यांच्या, बांगड्यांच्या रांगेतून, धामणगावच्या प्रत्येक माणसासमोरून. आणि दादा, जे जेवताना बोलत नसत, ते मोठ्यानं म्हणत होते, "सरका जरा. वाट द्या. माही लेक येऊन राह्यली."

त्या दिवशी वरची बांगडी दादांनी भरली. दिवाळीला रंजना घरी आली, नवऱ्यासकट.

पुढच्या जत्रेआधी मी यादी करायला बसले तेव्हा दादांना सांगितलं, या वेळी सगळं नीट लावलंय, चिंचेखालची जागा आपलीच. ते पडवीत सायकलच्या पेटीत माल भरत होते. थोडा वेळ नुसता काचेचा आवाज येत राहिला.

"राहू दे वं," ते म्हणाले. "रंजीले चिंचेखालून आणाले मीच जाईन. आपलं गाव शेवटीच राहू दे."